वाऱ्याचा रकाना

ओहायोतल्या डब्लिनला राहणाऱ्या माझ्या भाच्याने, निखिलने, मागच्या महिन्यात फोन करून विचारलं, "मावशी, कायोटीसाठी हँड कॉल घ्यायचाय. ओपन रीड घेऊ की क्लोज्ड?" मुलगा मूळचा नागपूरचा. दिवसभर घरात बसून कुठल्यातरी बँकेचं सॉफ्टवेअर दुरुस्त करतो, आणि ऑफिसातल्या एका मित्राच्या नादाने त्याला आता शिकारीचं वेड लागलंय. मला विचारण्याचं कारण उघड आहे. अमेरिकेतल्या मराठी मंडळींत मोदकाच्या उकडीबद्दल अधिकारवाणीने बोलणाऱ्या बायका ढिगाने सापडतात; कायोटीला फसवून बोलावण्याच्या पिपाण्यांबद्दल बोलणारी मी एकटीच. पन्नाशी उलटली की माणसाला कशाबद्दल तरी मान मिळायला हवा, मला तो याबद्दल मिळाला. लिहून पाठवते, असं त्याला सांगितलं आणि लिहायला बसले. त्याच्या प्रश्नाचं उत्तर दोन ओळींचं आहे, पण माझ्याच्याने ते दोन ओळींत होईना.

ज्यांनी हे जनावर पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते: कायोटी म्हणजे कोल्ह्याहून मोठा, लांडग्याहून लहान, आणि दोघांहून शहाणा. हल्ली तो सगळ्यांच्या डोअरबेलच्या कॅमेऱ्यात दिसतो आणि लोक घाबरून एकमेकांना व्हिडिओ पाठवतात. माझ्या लहानपणी आमच्या नोव्हाय गावात घरांची शेवटची ओळ संपली की मक्याची शेतं लागत, आणि कायोटी तिथे सुखाने राहत. आम्हीही तिथेच राहत होतो, कारण बाबांना जमिनीची हौस होती. पुण्यात त्यांच्या हातून गॅलरीतली तुळससुद्धा जगली नव्हती. इथे त्यांनी तीन एकर घेतले. मी नऊ वर्षांची असताना आम्ही आलो आणि त्या तीन एकरांवर पुढची सहा वर्षं गवत सोडून दुसरं काही उगवलं नाही. घरात मात्र कायम मोहरी तडतडल्याचा आवाज, तळघरात घर तापवणाऱ्या भट्टीची घरघर, आणि शनिवारी सकाळी आईच्या पेटीवर मराठी मंडळातल्या मुलींचा सा रे ग म. बाहेर बर्फ पडत असे आणि आत आठ मुली भूप आळवत असत. शेजारच्या घरांना आमच्याबद्दल काय वाटत असेल याचा विचार आम्ही कधी केला नाही.

बाबा मोटारींचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात टेस्टिंगला होते. एक यंत्र गाडीचं दार दिवसभर उघडायचं आणि मिटायचं, आणि बिजागरी कधी मोडते ते बाबा लिहून ठेवायचे. या कामाने त्यांचा स्वभाव बनला, की तसल्या स्वभावामुळे त्यांना ते काम मिळालं, हे आईला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. त्यांचा एकच धर्म होता: घेतलेलं रीडिंग खोडायचं नाही, न घेतलेलं लिहायचं नाही. घरात दह्याला विरजण किती वाजता लावलं आणि ते किती वाजता लागलं याचा फ्रिजवर तक्ता होता. माझ्या तापाचा आलेख होता, तोही पेन्सिलीने, ग्राफ पेपरवर. एकदा मी थर्मामीटर न लावताच "नव्व्याण्णव" सांगितलं, तेव्हा ताप येऊनही मला बोलणी बसली होती.

मला कुत्रा हवा होता. शाळेतल्या प्रत्येकीकडे होता. बाबांनी विषय अभ्यासाला घेतला आणि आठवड्याने निर्णय दिला की कुत्रा मांस खातो, आपल्या घरात मांस येत नाही, सबब कुत्रा येणार नाही. मात्र मुलीला प्राणी हवा ही मागणी रास्त आहे, तेव्हा गवत खाणारा प्राणी आणावा. अशी आमच्याकडे शेळी आली. तीन आठवड्यांचं पांढरं करडू होतं, एक कान तपकिरी. मी तिचं नाव चिमी ठेवलं. शाळेत मी सांगितलं की आमच्याकडे एका दुर्मीळ जातीचा कुत्रा आहे. पण खरं सांगते, मी घरी आले की ती कुंपणाशी येऊन माझ्या कोटाची बाही चघळायची, आणि त्या देशात माझी वाट पाहणारं घराबाहेरचं असं ते एकच होतं.

पहिला बर्फ पडला आणि कुंपणाच्या बाहेरून पावलांची एक सरळ रेघ गेलेली दिसली. त्याच आठवड्यात रस्त्यापलीकडच्या वेन काकांची दोन बदकं गेली. वेन काका म्हणजे कारखान्यातून निवृत्त झालेले, उंच, मितभाषी गृहस्थ. त्यांना काका म्हणायचं हे आईने ठरवलं होतं, त्यांना कोणी विचारलं नव्हतं. मी रडून गोंधळ घातला. चिमीला काही झालं तर मी जेवणार नाही, असं जाहीर केलं. बाबा वेन काकांकडे गेले आणि ठरवून आले: बंदूक वेनची, बोलावणं आमचं. कायोटीला सशाच्या किंकाळीचा आवाज काढून बोलवायचं, आणि तो वेन काकांच्या भावाच्या शेतात आला की पुढचं ते पाहतील. बाबांचे हात त्यामुळे कोरडे राहणार होते.

"म्हणजे फसवायचं आपण आणि मारायचं त्यांनी," आई पोळी लाटता लाटता म्हणाली.

"आपण फक्त आवाज करायचा," बाबा म्हणाले.

वेन काकांनी सल्ला दिला तो मला शब्दन् शब्द आठवतो, कारण ते एका वेळी इतकं कधी बोलत नसत. आमच्या स्वयंपाकघरात थालीपीठ खात ते बाबांना (त्यांच्यासाठी बाबा 'व्हीजे' होते) म्हणाले, "पिक वन, व्हीजे. एनी वन. लर्न इट. घराजवळ वाजवू नकोस, एका जागी दोनदा वाजवू नकोस, आणि पहाटे जा. अँड फिक्स दॅट शेड डोअर." बाबांनी सगळं लिहून घेतलं. खाली शेरा मारला: 'ऐकीव. तपासलेलं नाही.' पहाटेपुढे लिहिलं: 'शक्य नाही.' बाबांची पहाट सुट्टीच्या दिवशी साडेआठला होत असे. चिमीच्या शेडच्या दाराची कडी कामांच्या यादीत चौथ्या क्रमांकावर गेली. दिवसभर दारांच्या बिजागऱ्या तपासणाऱ्या माणसाला घरी आल्यावर दार या विषयाचा कंटाळा येणं मी आता समजू शकते.

कुठलाही एक घे, असं सांगितल्यावर बाबांनी सात मागवले. आवाजाची टेप वाजवणारं यंत्रही मिळत होतं, पण थंडीत बॅटरी उतरते म्हणून ते बाद झालं. हाताने आणि तोंडाने वाजवायचेच घ्यायचे ठरले. दोन क्लोज्ड रीड, म्हणजे लाकडी नळीच्या पोटात पत्ती बंद असलेले. फुंकलं की एकच ठरलेली किंकाळी, मूर्खालाही जमेल अशी. दोन ओपन रीड, म्हणजे पत्ती उघडी, तीवर ओठ कुठे दाबता त्याप्रमाणे आवाज चढतो-उतरतो. यात ससा, पिल्लू, पक्षी सगळं निघतं, शिकायला मात्र महिना जातो. एक टाळूला चिकटवायचा रबरी तुकडा, जो वाजवताना बाबांना दोनदा उलटी झाली. एक हातात दाबायचा रबरी फुगा, उंदरासारखा चुकचुकणारा. आणि एक शिंगासारखा कर्णा, ज्यातून कायोटीचं स्वतःचंच ओरडणं काढायचं. ग्राफ पेपरवर रकाने आखले गेले: तारीख, कॉल, जागा, वारा, वाजवणारा, प्रतिसाद. वाऱ्याचा रकाना बाबांचा लाडका. बाहेर जाऊन बर्फाची चिमूट हवेत सोडून दिशा बघितल्याशिवाय ते पुढचं काही लिहीत नसत.

मग अडचण आली ती उष्ट्याची. एकच पिपाणी तिघांनी तोंडात घालायची हे आईला मान्य होणं शक्य नव्हतं. प्रत्येक वेळी वाजवणारा बदलला की कॉल उकळत्या पाण्यातून निघू लागला. गॅसवर एकीकडे डाळ आणि दुसरीकडे पातेल्यात सशाची किंकाळी शिजत असे. तिसऱ्या दिवशी दोन नंबरची पत्ती उकळून वळली आणि त्यातून म्हाताऱ्या माणसाच्या खोकल्यासारखा आवाज येऊ लागला. बाबांनी नोंद केली: 'कॉल २: पत्ती वाकली (आई).' कॉल्स वाळायला चहाच्या गाळण्याशेजारी टांगलेले असत, आणि घरी आलेल्या एका काकूंनी ती बाळाची खेळणी समजून आईचं अभिनंदन केलं होतं.

दोन महिने रोज संध्याकाळी जेवणाआधी आम्ही परसदारी, शेताच्या कडेला उभं राहून एकेक कॉल वाजवला. पहिले पंधरा दिवस निकाल झकास होते. मक्याच्या धसकटांत करडं काहीतरी उभं राहून आमच्याकडे बघताना तीनदा दिसलं. मग दिसणं थांबलं. मग रात्रीचं त्यांचं ओरडणंही थांबलं. बाबांनी निष्कर्ष काढला की कॉल्स कमी प्रतीचे आहेत. वेन काका एकदा कुंपणावर कोपरं टेकून सगळा कार्यक्रम पाहत होते. ते म्हणाले, "यू आर रनिंग अ स्कूल, व्हीजे." त्यांचं म्हणणं असं, की रोज त्याच जागी, सगळे आवाज, क्रमाने वाजवून बाबांनी आसपासच्या प्रत्येक कायोटीला शिकवून ठेवलं होतं की ही सगळी खोटी किंकाळी इथून येते आणि इथे माणसं असतात. बाबांनी तेही लिहून घेतलं. शहाणा माणूस इथे थांबला असता, पण अजून तीन कॉल्सची रीडिंग्ज पूर्ण व्हायची होती.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र अशी झाली की जिची मला लाज वाटायला हवी आणि वाटत नाही. मी गाणं शिकवणाऱ्या बाईची बेसूर मुलगी होते. दर कार्यक्रमात शैला काकूंची मानसी गायची, तिला टाळ्या पडायच्या, आणि मग कोणीतरी प्रेमाने म्हणायचं, "अनघा, आता तू." आई लगबगीने विषय बदलायची. तिने मला कधी बोल लावला नाही, पण तिची ती लगबग मला दिसायची. आणि ओपन रीड माझ्या ओठांत आला आणि वाजला. का ते मला आजही सांगता येणार नाही. ओठ किती दाबायचे, श्वास कुठून सोडायचा, हे मला आपोआप कळत होतं. आई दारात उभी राहून ऐकायची आणि नकळत शिकवू लागायची, "घशातून नको, पोटातून येऊ दे. शेवटी सोडून दे, तोडू नकोस." ससा जमला, मग हरणाचं पाडस जमलं. मग मी शेडमध्ये चिमीसमोर बसून चिमी शिकले. ती बेंऽऽ करायची, मी बेंऽऽ करायचे. ती कान वर करून चक्रावून माझ्याकडे बघायची.

संक्रांतीचं हळदीकुंकू त्या वर्षी आमच्याकडे होतं. दुपारपासून घर भरलेलं, दारात बुटांचा डोंगर, तिळाच्या वड्या, मटार घातलेला पुलाव, मायक्रोवेव्हसमोर रांग. नवरे मंडळी तळघरात व्हिसाच्या गप्पा मारत बसली होती. मानसी गायली. छान गायली, दर वेळी छानच गायची. मग शैला काकू म्हणाल्या, "अनघा, आज तरी म्हण ना काहीतरी." आई उठली, चहाचं विचारू लागली. मी गाळण्याशेजारचा ओपन रीड उचलला, कोट न घालता घरामागच्या लाकडी डेकवर गेले आणि दार उघडं ठेवून वाजवला. आधी ससा वाजवला. बायका दाराशी आल्या. मग चिमी वाजवली, हरवलेलं, घाबरलेलं करडू, पोटातून, शेवटी सोडून देत. संध्याकाळचा निळसर उजेड बर्फावर होता आणि आवाज पार शेतापर्यंत गेला. शेडमधून चिमीने उत्तर दिलं. मी पुन्हा वाजवलं, तिने पुन्हा दिलं. सगळ्या हसल्या, टाळ्या वाजल्या, आणि आई माझ्या खांद्यावर शाल टाकत हळूच म्हणाली, "लागला गं सूर." तळघरातून वर आलेल्या बाबांनी बर्फाची चिमूट हवेत सोडली आणि आत जाऊन नोंद केली. प्रतिसाद: नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी उठून खाली आले तेव्हा नऊ वाजून गेले होते. बाबा, आई आणि वेन काका, तिघंही स्वयंपाकघरात उभे होते. बाबांच्या अंगात कोट होता, बुटांचा बर्फ फरशीवर वितळत होता, आणि बूट घालून आत आल्याबद्दल आई त्यांना काही बोलत नव्हती. तेवढ्यावरूनच मला कळलं. शेडच्या दाराची कडी निघाली होती. मला चिमीला बघू दिलं नाही. वेन काकांनी तिला आधीच ताडपत्रीत गुंडाळलं होतं.

"वॉज इट मी?" मी विचारलं. "काल मी डेकवरून..."

"नाही," बाबा म्हणाले. मला वाक्य पूर्ण करू दिलं नाही त्यांनी. "तुझं त्यात काही नाही. मी आज पहाटे उठलो होतो. पाचला. पहाटेचं एकही रीडिंग नव्हतं ना, म्हणून घेतलं. बाहेर फार थंडी होती, शेतापर्यंत गेलो नाही, डेकवरूनच वाजवला. चुकलं माझं."

आई त्यांच्याकडे बघत राहिली आणि मग शेगडीकडे वळली. बाबांनी तेच इंग्रजीत सांगितल्यावर वेन काकांनी टोपी काढली, पुन्हा घातली, आणि म्हणाले, "येप. दॅट वुड डू इट."

मी बाबांशी सहा आठवडे बोलले नाही. "आई, त्यांना सांग भाजी पुढे करायला," असं चाललं होतं. त्यांनी शेडची कडी बदलली, रिकाम्या शेडची, आणि मी त्यावरही हसले. सातही कॉल्स खोक्यात भरून तळघरात गेले. पुढे राग ओसरला आणि त्याची गोष्ट झाली. तीस वर्षं मी ती गोष्ट सांगितली: गणपतीत, दिवाळीत, माझ्या लग्नात माईक हातात घेऊन. आमचे बाबा आयुष्यात एकदाच पहाटे उठले आणि शेळी मारून आले. हशा ठरलेला. बाबा सगळ्यांच्या आधी हसायचे, आणि कधी मी विसरले तर "अगं, शेळीचं सांग की," म्हणून आठवण करून द्यायचे. आई तेवढ्यात उठून चहा बघायला जायची. हेही प्रकरण मी याच सुरात लिहिलंय, वाचणाऱ्याच्या लक्षात आलंच असेल. इतक्या वर्षांची सवय आहे.

बाबा जाऊन दोन हिवाळे झाले. आई आता माझ्याकडे असते. निखिलचा फोन आला त्या दिवशी मी ते खोकं गराजमधून काढलं, म्हटलं नावं तरी नीट सांगावीत त्याला. कॉल्सच्या खाली ग्राफ पेपरची फाईल होती. मी जेवणाच्या टेबलावर ती उघडली आणि हसत आईला एकेक नोंद वाचून दाखवू लागले. 'पत्ती वाकली' वर ती हसली. शेवटच्या पानावर हळदीकुंकवाची नोंद होती, पेन्सिलीने: डेक, पश्चिमेचा मंद वारा, वाजवणारा अनघा, प्रतिसाद नाही. त्याखाली एक ओळ होती, शाईच्या पेनाने. पहाट, पाच. डेक. वाजवणारा: स्वतः. प्रतिसाद: आला.

"बघ," मी म्हटलं, "शेळी गेली तरी नोंद केलीच बाबांनी."

आई शेंगा सोलत होती. ती म्हणाली, "वेन काकांनी बेल वाजवली तेव्हा आठ वाजले होते. मी वर जाऊन ह्यांना हलवून उठवलं. ते कधी पाचला उठलेत का, बाळा?"

मी ती ओळ पुन्हा वाचली. जो माणूस न लावलेल्या थर्मामीटरबद्दल मला तापात रागावला होता, त्याने न घेतलेलं रीडिंग लिहिलं होतं, मी कधी शोधलंच तर सापडावं म्हणून. वेळ लिहिली होती, जागा लिहिली होती, वाजवणारा म्हणून स्वतःला लिहिलं होतं. वाऱ्याचा रकाना तेवढा कोरा होता. तो मनाने भरणं त्यांना काही जमलं नव्हतं.